सूत कोणाच्या हातात? : सुताराच्या हत्यारांचा इतिहास

आज आपण सुताराच्या पेटीत डोकावणार आहोत. हत्यारं म्हटली की करवत, वाकस, रंधा, पटाशी अशी धारेची नावं आधी तोंडात येतात. पण या धंद्याला आपल्या भाषेत जे नाव पडलं ते धारेवरून पडलेलं नाही. वेदकाळात लाकूडकाम करणाऱ्याला ‘तक्षन्’ म्हणत, म्हणजे तासणारा. नंतर ‘वर्धकि’ असा शब्द आला. त्यावरून हिंदीत ‘बढई’ झाला आणि विदर्भात ‘वाढई’. ‘सुतार’ मात्र ‘सूत्रधार’, ‘सूत्रकार’ या शब्दांच्या कुळातला. सूत्र म्हणजे दोरा. ज्याच्या हातात दोरा तो सुतार.

दोरा कशाला? तर रेघ मारायला. दोरा गेरूच्या किंवा काजळीच्या पाण्यात भिजवायचा, ओंडक्याच्या दोन टोकांना ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडून द्यायचा. फटकन आवाज होतो आणि वाकड्यातिकड्या खोडावर एक सरळ रेघ उमटते. झाडात सरळ रेघ नसतेच. ती माणूस तिथे आणतो, आणि मग करवत तिच्या मागून चालते. नाटकातला सूत्रधार आणि हा सुतार, दोघांचं नाव एकच आहे.

आता आपला आजचा मुद्दा सांगून टाकू. हत्यारांचा इतिहास बहुतेक वेळा धारेचा इतिहास म्हणून सांगितला जातो: दगड, तांबं, लोखंड, पोलाद, वीज. तो खोटा नाही. पण आम्हाला वाटतं, सुतारकामातली मोठी उलथापालथ धारेत झाली नाही, ती रेघेत झाली. कुठे कापायचं हे कोण ठरवतो? हा प्रश्न धरून आपण पुढे जाऊ.

सुरुवात आपल्याच घाटमाथ्यापासून करू. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिलंत तर दगडी छताला लाकडी कमानी बसवलेल्या दिसतात. सुमारे २००० वर्षांचं लाकूड आहे ते. गंमत अशी की छत उचलून धरायला त्यांचा काही उपयोग नाही, कारण छत डोंगराचंच आहे. लाकडी इमारती बांधायची सवय इतकी मुरलेली होती की दगडात कोरतानाही लाकडाचीच रचना डोळ्यांपुढे होती. शेजारी भाज्याला दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला, पण तो बसवण्यासाठी दगडात पाडलेली भोकं शिल्लक आहेत. कार्ल्याच्या लेखांमध्ये एक लेख आपल्या कामाचा आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, दार केल्याचं त्यात लिहिलं आहे. बापाचं नावही दिलंय, वेणुवास. राजे, व्यापारी, भिक्षू यांच्या दानलेखांच्या रांगेत एका कारागिराचं नाव, गाव आणि त्याने नेमकं काय केलं ते आलेलं आहे. पुढच्या शेकडो वर्षांत लाखो दारं झाली, आणि ती करणाऱ्यांपैकी जवळपास कोणाचंच नाव आपल्याला माहीत नाही.

आता पेटी उघडू. पेटीतल्या नावांवर नुसती नजर टाकली तरी कोण कुठून आलं ते कळतं. ‘करवत’ संस्कृत ‘करपत्र’वरून. ‘रंधा’ फारसीतून. ‘गुण्या’, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, फारसी ‘गुनिया’वरून, आणि त्याच्या मागे ग्रीक भाषेतला कोपऱ्याचा शब्द ‘गोनिया’ उभा आहे. पेचकस फारसी वळणाचा. आणि ‘गिरमिट’? ते इंग्रजी ‘गिमलेट’. वसाहतींत मजूर पाठवण्याच्या ज्या करारालाही गिरमिट म्हणत, तो शब्द वेगळा, तो ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश. एकाच उच्चाराचे दोन शब्द, एक लाकडाला भोक पाडायचा आणि दुसरा माणसाला.

पेटीतली हत्यारं दोन गटांत पडतात. एका गटात कापणारी, तासणारी, भोक पाडणारी: वाकस, करवत, किकरे, पटाशी, रंधा, सामता. सामता म्हणजे कमानीच्या दोरीने गरागरा फिरवायचं भोक पाडण्याचं हत्यार. दुसऱ्या गटात काहीच न कापणारी: सूत, गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास, खतावणी. खतावणी म्हणजे एका दांडीवर सरकणारा ठोकळा आणि दांडीच्या टोकाला खिळा. ठोकळा लाकडाच्या कडेला टेकवून ओढला की कडेपासून ठरलेल्या अंतरावर बारीक ओरखडा उठतो. शिकाऊ पोराच्या हातात पहिल्या दिवशी कापणारी हत्यारं दिली तरी चालतात, फार तर एक फळी वाया जाते. आखणीची हत्यारं चुकीची चालली तर अख्खं दार वाया जातं.

दाराचीच चौकट घेऊ. इथे आपण थोडं रेंगाळू, कारण सगळी विद्या इथेच आहे.

चौकटीला चार लाकडं: खाली उंबरा, वर गणेशपट्टीचं लाकूड, दोन बाजूंना दोन उभी. आधी प्रत्येक लाकडाची एक बाजू रंध्याने सपाट करायची. मग तिला लागून असलेली एक कड त्या बाजूशी काटकोनात आणायची. या दोन बाजूंवर खूण करून ठेवायची, आणि इथून पुढे गुण्या आणि खतावणी टेकवायची ती फक्त या दोन बाजूंनाच. उरलेल्या दोन बाजू कशाही असल्या तरी चालतात. हे ऐकायला सोपं आहे. पण चारही बाजूंवरून मापं घेणारा माणूस आणि दोनच बाजूंवरून घेणारा माणूस यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण प्रत्येक बाजूची थोडीथोडी चूक सांध्यात येऊन एकत्र जमा होते.

मग गुण्याने चारही बाजूंना फिरवून रेघ घ्यायची. ती निघाली तिथेच परत येऊन मिळाली तर लाकूड चौरस आहे. गुण्याच खोटा असेल तर? त्याचीही सोपी परीक्षा आहे. सरळ कडेला टेकवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. नाही आल्या तर मधे दिसणारी फट ही गुण्यातल्या चुकीच्या दुप्पट असते. बाहेरच्या कुठल्याही मापाशिवाय हत्यार स्वतःचीच साक्ष देतं. घराच्या पायाएवढा मोठा काटकोन हवा असेल तर दोरीच लागते. तीन, चार आणि पाच भागांच्या दोरीचा त्रिकोण ताणला की काटकोन हजर. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांना ‘शुल्बसूत्रं’ म्हणतात. शुल्ब म्हणजेही दोरी.

आखणी झाली की कुसू कापायचं आणि समोरच्या लाकडात त्याचं भोक पाडायचं. करवतीच्या पात्याला जाडी असते, कारण तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. तसे नसते तर पातं लाकडात अडकून बसलं असतं. म्हणून करवत रेघेवरून चालवायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची, रेघ अर्धी उरली पाहिजे. ‘रेघ ठेवून काप’ या तीन शब्दांत हे सगळं येतं. भोक किकऱ्याने पाडायचं. किकऱ्याचं पातं अरुंद पण जाड, मोगरीचे घाव सोसणारं. पटाशी रुंद आणि पातळ, ती ठोकाठोकीपेक्षा हाताच्या दाबाने साफसफाई करायला. कुसू भोकात जाताना हाताने जाऊ नये आणि हातोडीने फार ठोकावंही लागू नये. शेवटी आरपार भोक पाडून लाकडी खुंटी मारायची. जगभरच्या जुन्या सुतारांना इथली एक युक्ती माहीत होती: कुशातलं भोक किंचित आत सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. खिळा नाही, सरस नाही, आणि चौकट दोनशे वर्षं उभी.

हे सगळं काम जमिनीवर बसून होई. लाकूड धरायला शेगडा नाही, टेबल नाही. एका पायाने दाबायचं, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचं. युरोपातून आलेल्या पाहुण्यांना हे फार नवलाचं वाटे. कोणी कौतुक केलं, कोणी मागास म्हणून नाक मुरडलं. जॉर्ज बर्डवुडने १८८० साली हिंदुस्थानातल्या कलाकौशल्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात गावातल्या कारागिराचं चित्र जवळजवळ स्वर्गातलं आहे. आम्हाला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. बसून काम करण्यात एक साधा हिशेब आहे. शरीर हाच शेगडा असेल तर कारखाना गोणपाटात गुंडाळून खांद्यावर नेता येतो. आणि बसलेल्या माणसाला करवत ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. जपानी करवती ओढीवर कापतात, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या करवतींतही ओढीवर कापणाऱ्या पुष्कळ होत्या. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ ठेवता येतं. ढकलताना ते वाकू पाहतं, म्हणून जाड ठेवावं लागतं किंवा पाठीला पट्टी द्यावी लागते. यात पुढारलेलं-मागासलेलं काही नाही.

पण स्वर्गही नव्हता. सुतार हा बलुतेदार, लोहारासारखाच पहिल्या ओळीतला. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, सगळं त्याच्या हातचं, बहुतेक बाभळीचं. मोबदला सुगीला धान्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचं बारकाईने वर्णन आहे. काम कधी आणि किती करायचं हे शेतीच्या हंगामावर ठरे, किंमत परंपरेवर. विद्या जातीबाहेर जात नसे, आणि जातीतल्या बायकांच्या हातीही हत्यार येत नसे. तरीही एक गोष्ट सुताराची स्वतःची होती. पाभरीच्या फणांमधलं अंतर किती, गाडीच्या चाकाला आरे किती, हे तो ठरवी, बोट-वीत-हात या मापांनी आणि त्या जमिनीच्या माहितीने. वाड्यातही तेच. धनी सांगे, माजघर पाच खणांचं हवं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. पण तुळई किती जाड, खांब किती अंतरावर, कडीपाट कसा बसेल हे सुताराने पाहायचं. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. जुन्नरच्या जंगलातला साग आणून एवढी प्रचंड लाकडी इमारत दोन वर्षांत उभी राहिली, ती या खणांच्या भाषेवर. १८२८च्या आगीत ते सगळं जळून गेलं.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं ते पाहू, कारण रेघ हातातून सुटायला तिथे सुरुवात झाली. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. कोकणात आणि गुजरातेत होडी बांधणारे सुतार कागदावर नकाशा काढत नसत. कण्याचं लाकूड ठेवलं की पुढचं सगळं डोळ्याने, दोरीने आणि एखाद-दुसऱ्या साच्याने. ब्रिटिश आरमाराचं काम मात्र तसं चालणार नव्हतं. तिथे नकाशे लंडनहून येणार आणि जहाज त्याबरहुकूम होणार. १८१२ साली मुंबईला ‘ट्रिंकोमाली’ नावाच्या लढाऊ जहाजाची मागणी आली. त्याचे नकाशे घेऊन येणारं ‘जावा’ हे जहाज वाटेत अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झालं. नकाशे समुद्रात गेले. मुंबईत साग होता, कारागीर होते, पेढीदरपेढी जहाजं बांधलेलं घराणं होतं. पण दुसरी प्रत येईपर्यंत थांबणं भाग होतं. जहाजाचं काम प्रत्यक्षात सुरू झालं ते १८१६ साली, आणि ते पाण्यात उतरलं १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. सागाचं ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे, पाहायला जाता येतं. काम इतकं टिकाऊ झालं यात कारागिरांचा वाटा किती हे वेगळं सांगायला नको. पण कुठे कापायचं हे आता बोटीने येत होतं.

पुढे हेच जमिनीवर पसरलं. १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करायला अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, त्यातूनच पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. तिथे तयार होणारा माणूस हत्यार चालवणारा नव्हता, नकाशा वाचून दुसऱ्याकडून काम करून घेणारा होता. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली संस्था, १८९० साली बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांचं कलाभवन. गज्जर स्वतः सुतार घराण्यातले, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. या शाळांनी विद्येचं दार जातीबाहेर उघडलं, ही काही लहान गोष्ट नाही. १९३७च्या वर्धा परिषदेनंतरच्या नई तालीममध्ये सुतारकाम हा शिक्षणाचा भाग झाला, १९५०पासून आयटीआयच्या प्रशिक्षणात तो एक ट्रेड. शाळेत टेबल आलं, शेगडा आला, ढकलायची करवत आली आणि लोखंडी रंधा आला. तो ज्या नमुन्याचा आहे तो लेनर्ड बेली या अमेरिकन माणसाचा, १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. आणि भिंतीवर निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा नकाशा आला. मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपांत डब्यांचं लाकूडकाम करणाऱ्यांना तर एका डब्याचं दार दुसऱ्या डब्याला बसलं पाहिजे, अशी शिस्त होती. तिथे वीत-बोट चालणं शक्यच नव्हतं.

मापांचं एक गमतीदार आहे. १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला. आज कुठल्याही सुताराला विचारा, प्लायवूडचा तुकडा आठ बाय चार फुटांचा आणि जाडी अठरा किंवा एकोणीस एमएम. एकाच वाक्यात दोन राज्यं. आणि इंचाच्या खालचं माप? सूत. आठ सुतांचा एक इंच. ‘दोन सूत कमी कर’ असं आजही म्हणतात. इंग्रजी इंचाचे तुकडे केले आणि त्यांना नाव जुन्या दोऱ्याचं दिलं.

धारेच्या अंगाने पाहिलं तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत सगळ्यात जास्त बदल कशाने झाला? आमच्या मते विजेच्या करवतीने नाही, चिकटवण्याच्या पांढऱ्या द्रवाने. आधी सरस असे, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. तो पाण्यावर ठेवून गरम करायचा, वास सोसायचा, थंड होण्याआधी घाईने सांधा जोडायचा. १९५९ साली फेव्हिकॉल आलं. गरम करणं नाही, वास नाही. त्याच्या जोडीला प्लायवूड, स्क्रू आणि सनमायका. सांधा लपला. जो सांधा दिसत नाही आणि गोंदावर उभा राहतो तो नेमका कापायला वेळ कोण देणार? गिऱ्हाईक पैसे पृष्ठभागाचे देतं. किकरे पेटीच्या तळाशी गेलं, आणि ते खंडेनवमीला पूजेसाठी वर येतं, ड्रिल मशीनच्या शेजारी.

आता तर कपाटांचे भाग कारखान्यात संगणक आखतो. एका पत्र्यातून कमीत कमी वाया जाऊन किती तुकडे निघतील हे तोच ठरवतो, यंत्र कापतं, कडांना पट्टी चिकटवतं. सुतार साइटवर येतो तो जोडणारा म्हणून, आणि त्याला म्हणतातही ‘फिटर’. मजुरी रोजावर किंवा चौरस फुटावर.

पण त्याला साइटवर एक गोष्ट भेटते ती संगणकाच्या यादीत नसते: भिंत. आपल्याकडची भिंत क्वचितच ओळंब्यात असते. गिलाव्याला कुठे पोट असतं, कुठे खळगा. कारखान्यातून आलेली सरळ फळी तिला लावली की मधे फट दिसते. तेव्हा तो फळी ओळंब्यात उभी करतो, भिंतीपासून थोडी दूर, आणि खिशातून कंपास काढतो. सगळ्यात मोठ्या फटीएवढा तो उघडतो, मग एक टोक भिंतीला टेकवून आणि दुसऱ्या टोकाची पेन्सिल फळीवर ठेवून वरून खाली ओढत नेतो, कंपास सगळीकडे आडवाच धरून. भिंत जिथे फुगली आहे तिथे रेघ आत येते, जिथे खचली आहे तिथे बाहेर जाते. मग रेघ ठेवून कापतो, आणि फळी भिंतीला बसते.

इथे थांबू. प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. समोर टेबलावर सामता, किकरे आणि दोन गुण्ये ठेवले आहेत, त्यातला एक गुण्या खोटा आहे. कोणता ते रेघ मारून तुम्हीच पाहा.